डावी बाजू

"हात घाला की ताई. काय करत न्हाई ती," गुंडा म्हणाला.

राजमतीनं घोडीच्या मानेपाशी झुलीखाली हात सरकवला. घोडी रात्रभर माळावर उघड्यावर उभी होती. झूल वरून दवानं ओलीचिंब झाली होती, पण आतलं अस्तर कोरडं आणि उबदार लागत होतं. थेंबभर पाणी आत आलेलं नव्हतं. महिनाभर राबून शिवलेल्या मालाबद्दल तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा नवरा सम्मेद गेल्यापासून तिला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

जिनेंद्र मोबाईल धरून समोर उभा होता. कुपवाडला त्याचा झुली शिवायचा कारखाना होता. परदेशात थंडीपावसात घोडी मोकळी चरायला सोडतात, त्यांच्या अंगावर घालायच्या या झुली. गिऱ्हाईक नवं होतं आणि त्याची अट होती की माल निघण्याआधी एक झूल खऱ्या घोड्यावर रात्रभर घालून बघायची. कुठं काचते का, कुठं घासते का ते तपासायचं, फोटो पाठवायचे. कुपवाडात घोडं मिळेना, म्हणून पाचगणीत पर्यटकांना फिरवणाऱ्या गुंडाची घोडी ठरवली. आदल्या दिवशी जिनेंद्र येऊन तिच्या अंगावर झूल चढवून गेला होता. आज त्यानं राजमतीला बरोबर आणलं होतं. ही झूल तिनंच शिवली होती, आणि "चला वैनी, तेवढंच बाहेर पडल्यासारखं हुईल," असंही तो म्हणाला होता.

बाहेर पडल्यासारखं तिला काही झालं नाही. वाईच्या पुढं घाट लागला तेव्हाही ती काचेतून नुसती बघत राहिली. सम्मेद याच कारखान्यात कटिंग मास्तर होता. एका संध्याकाळी घरी आला, गाडी स्टँडला लावली आणि तिथंच पायरीवर बसला. तिनं पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिला रडू आलं नाही. बसदीत देवाला गेली की सगळ्याजणी तिच्या तोंडाकडं बघायच्या. ती दर्शन घ्यायची, चपला शोधायची आणि घरी यायची.

"छातीपाशी आत तळहात जातोय," ती जिनेंद्रला म्हणाली. "पोटाखालचं पट्टं बी बरोबर हायत. जरा चालवा की मामा."

गुंडानं लगाम धरून घोडीला चालवलं. पांढऱ्या धुक्यात ती चार पावलं गेली आणि अडखळली. पुन्हा चालली, पुन्हा अडखळली. डावा पाय पूर्ण पुढं टाकायच्या आधीच ती तो खाली टेकवत होती.

"लंगडती काय ही?" राजमतीनं विचारलं.

"न्हाई वो. काल तर माळभर पळवली." गुंडानं तिला गवतात मोकळं सोडलं. घोडीनं मान खाली घातली आणि लगेच वर उचलली. "सांच्यापास्नं चरती बी न्हाई नीट. म्या म्हटलं, नवं हाय अंगावर, बुजली आसंल."

राजमती घोडीच्या मागं जाऊन उभी राहिली. झुलीची मधली शिवण पाठीच्या कण्यावरून सरळ जायला हवी. ती डावीकडं ओढली गेली होती. राजमतीनं उजव्या खांद्याशी हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. डावीकडं घातला, तर बोटंच गेली.

तिनं बकलं सोडली. झूल उतरली तशी घोडीनं सगळं अंग थरथरवलं. उजवा खांदा गुळगुळीत होता. डाव्या खांद्यावरचे केस झिजून तळहाताएवढी गुलाबी कातडी उघडी पडली होती. गुंडानं डोक्याचा टॉवेल काढला आणि घोडीचा खांदा हलक्या हातानं पुसायला लागला.

"तुमच्या शिवणीत जास्त दाबलं गेलं असंल," जिनेंद्र म्हणाला. "तेवढं उसवून घिऊ. उजवीकडनं फोटो काढतो मी."

राजमतीनं झूल गवतावर उलटी पसरली. दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून बोट फिरवलं. शिवणी सारख्याच होत्या. मग तिनं झूल मधोमध दुमडून डावी बाजू उजव्या बाजूवर ठेवली. खांद्यापाशी डावा तुकडा आखूड होता, दोन बोटं तरी आखूड.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. गेला त्या दिवशी सम्मेदनं उजव्या बाजूचे तुकडे सकाळी कापले होते. डाव्या बाजूची थप्पी चहानंतर घेतली. कापणारं मशीन उजव्या हातात असतं, आणि डाव्या हातानं कापडाची थप्पी दाबून धरायची असते. चहाच्या वेळी तो डावा हात झटकत होता. मान वर करून तिनं आपल्या शिलाई मशीनवरून विचारलं होतं, काय झालं? मुंग्या आल्यात, म्हणाला. तिनं पुन्हा मान खाली घातली होती.

त्या हातात जोर नव्हता. सगळी थप्पी सरकत गेली आणि पातं आत घुसलं.

"शिवण बरोबर हाय दादा," ती म्हणाली. "कापतानाच गेलंय."

"कुणी काप..." जिनेंद्र मध्येच थांबला. मग विचारलं, "ह्या एकाच झुलीत असंल का?"

"एका थप्पीत कापलंय. सगळ्या डाव्या बाजू अशाच असणार."

"वैनी, परवा माल निघायचा हाय. ही ऑर्डर गेली तर पुन्हा ते आपल्याला विचारायचं न्हाईत. बाकीच्या बायकांचं बी बघायला पाहिजे." तो चिडून बोलत नव्हता. "एवढं कोण बघतंय तिकडं?"

राजमतीनं घोडीकडं बघितलं. झूल उतरल्यापासून तिनं गवतातून मान वर काढली नव्हती. आवाज करत, ओढून ओढून खात होती.

"ह्यांनी असा माल जाऊ दिला नसता," राजमती म्हणाली.

जिनेंद्रनं मोबाईल खिशात टाकला. जरा लांब जाऊन त्यानं पुन्हा बाहेर काढला आणि कारखान्यात फोन लावला. पॅकिंग थांबवा, एवढंच म्हणाला.

परतताना वाई मागं पडल्यावर जिनेंद्र म्हणाला, "कारखान्यात सांगतो, मशीनचं पातं हललं म्हणून. सम्मेदचं नाव कशाला मधी?"

"पातं न्हाई हललं दादा. हात गेला हुता त्यांचा. मी समोर बसलेली." तिचा आवाज कोरडा होता. "तरी थप्पी पुरी केली त्यांनी. तसंच सांगा."

जिनेंद्रनं मान डोलावली. नंतर कुठंतरी टपरीवर गाडी थांबवून त्यानं तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो घेतला, आणि गार झाल्यावर प्यायली.

गिऱ्हाईकानं कुरकुर केली, पण आठवड्याची सवड दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्याजणी उसवायला बसल्या. सम्मेदच्या हाताचं जिनेंद्रनं सांगितलेलं सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. डाव्या बाजूचे तुकडे निघत होते आणि कटिंगच्या टेबलावर थप्पी चढत होती.

दुपारी प्रीती, शेजारच्या मशीनवरची तरुण पोरगी, थप्पीपाशी येऊन घुटमळली. "काकी, ह्यांचं काय करायचं? भंगारात घालायचं का?"

"बांध आदी," राजमती म्हणाली.

प्रीतीनं थप्पी सुतळीनं बांधली. कारखान्यातला कुठलाही गठ्ठा बांधला की वर खडूनं बाजू आणि खाली कापणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती. प्रीतीनं खडू घेतला, 'डावी' लिहिलं आणि हात तसाच धरून राजमतीकडं बघितलं.

राजमतीनं तिच्या हातातून खडू घेतला. खाली सावकाश, ठळक अक्षरात 'सम्मेद' असं लिहिलं. बोटं पदराला पुसली आणि मशीनवर जाऊन पुढची झूल उसवायला घेतली.