काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी उजेडातून बोलणारी पेटी. वय पाच वर्षं, म्हणजे आम्हा यंत्रांत चांगलीच पोक्त. घाटंजीजवळच्या एका तांड्यात, पाण्याच्या टाकीवर माझं ठाणं आहे. तीन किलोमीटरवर, घाटंजीच्या दवाखान्याच्या गच्चीवर, माझी जुळी बहीण बसते. जमिनीतून तार टाकली की रस्ता खोदणारे ती तोडायचे, मोबाइलला इथे रेंज नाही. मग आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. तुम्हाला न दिसणारा उजेड आम्ही एकमेकींच्या काचेत सोडतो. त्यातून आवाज, फोटो, कागद सगळं क्षणात पलीकडे जातं. हिवाळ्यातलं दाट धुकं सोडलं, तर मी कुणाला हार जात नाही!

टाकी सांभाळणारे डोंगरसिंग दर सोमवारी वर चढून माझी काच पुसायचे. गेल्या दसऱ्याला मात्र ते हार घेऊन आले. अवजारांची पूजा झाली, मग मी कशी सुटणार? "तूच तं तांड्याचा डोया," म्हणाले आणि ओल्या कुंकवाचा भलामोठा टिळा थेट काचेवर लावला. झालं! मी आंधळी झाले. ओरडावं, तर मला तोंड नाही.

दुपारी त्यांच्याच छातीत कळ आली. टाकीखालच्याच आरोग्य उपकेंद्रात त्यांना आणलं. प्रेरणा सिस्टरने हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, पण ती घाटंजीला जाईना.

"पट्टी जाऊनच नाही राह्यली! डॉक्टरांले दिसल्याबिगर औषध कोणतं देऊ?"

माझ्या जिवाची नुसती तगमग. मला पुसणारा माणूस खाली घामाने भिजला होता आणि मी कुंकू लावून मिरवत होते!

डोंगरसिंगांनी कशीबशी मान उचलली. "उज्ज्वला... कुकू... म्या काचेलेच लावलं वं."

त्यांची लेक उज्ज्वला पायऱ्या चढत धावत वर आली आणि ओढणीने खसाखसा काच पुसली. समोर बहीण लख्ख दिसली. पट्टी गेली, डॉक्टरांनी औषध सांगितलं, ॲम्बुलन्सही निघाली. डोंगरसिंग वाचले.

आता त्यांना चढायची मनाई आहे. यंदा दसऱ्याला उज्ज्वला वर आली, तर हे खाली खुर्चीत बसून ओरडत होते, "पोरी, आधी काच पूस! कुकू मंग, अन् तेबी पाठीले!"

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला हार खुशाल घाला, पण आधी तिची धूळ पुसा. उज्ज्वलाने काच पुसली, मग माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि खाली हात हलवला. डोंगरसिंगांनी दोन्ही हात जोडले. खरं सांगू, त्या वेळी मलाही हात हवे होते.