विहिरीपाशी थांबलेली रेघ

मित्रांनो, मी एका घराचा जुना नकाशा आहे. वसईतल्या एका वाडीतल्या कौलारू घराचा. एक कोपरा झुरळांनी कुरतडलाय, पण ग्रामपंचायतीचा शिक्का अजून वाचता येतो.

मला गावातल्या शांतारामभाऊंनी काढलं. वाडीची हद्द लाल शाईने ओढत ते विहिरीपाशी आले आणि थांबले. ती विहीर आमच्या रखमाबाईंची आणि शेजारच्या क्लेमेंटीनबाईंची, निम्मी-निम्मी. दोन्ही घरांनी आपापल्या बाजूने पाणी काढायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. "पाण्यावर हद्द मारायची नसते," म्हणत भाऊंनी विहिरीपुरती जागा सोडली आणि पलीकडून रेघ पुन्हा सुरू केली. सरपंचांनी सही ठोकली. तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

मग चाळीस वर्षं मी माळ्यावर पडून होतो. गेल्या वर्षी घराचे वासे कुजले आणि रखमाबाईंच्या मुलाने, विठ्ठलने, नवं घर बांधायचं ठरवलं. तरुण इंजिनीअर उन्नती म्हणाली, "काका, आता सगळं ऑनलाइन असतं. महिनाभरात परवानगी." त्या भरवशावर विठ्ठलने जुनं घर उतरवलं आणि ऐंशी वर्षांच्या आईला एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात नेलं. तिथली लिफ्ट बंदच असते. गुडघ्यांनी अधू रखमाबाई वर अडकल्या त्या अडकल्याच. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून क्लेमेंटीनबाई विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन येतात. रखमाबाई ते घोटघोट पितात आणि मुलाला विचारतात, "विठ्ठल, झाला का रे नकाशा पास?"

कसला पास होतोय! उन्नतीने माझ्यावरून संगणकावर नवा नकाशा काढला, माझी हद्द जशीच्या तशी उतरवली. पोरगी प्रामाणिक. तर परवानगी देणाऱ्या त्या ऑनलाइन यंत्राने शेरा मारला, 'भूखंड आढळला नाही.' अरे, विठ्ठलच्या पणजोबांपासून तिथे केळी उभ्या आहेत, आणि तुला भूखंड आढळत नाही? उन्नतीने रंग बदलले, मापं तपासली, चार वेळा नकाशा चढवला. चारही वेळा तोच शेरा. विठ्ठल कार्यालयात गेला, तर म्हणाले, "ऑनलाइन बघा." मदतीच्या नंबरवर विचारलं, तर "कार्यालयात जा." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. त्यात तो ओटीपी! विठ्ठल केळींना पाणी सोडत असायचा. हात पुसून फोन काढेपर्यंत मुदत संपलेली.

आणि मित्रांनो, चूक कुठे आहे ते मला ठाऊक होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी पडलो कपाटावर, पत्र्याच्या नळकांड्यात. कागदाला तोंड नसतं, याची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आठव्या महिन्यात, एका रविवारी, क्लेमेंटीनबाई बसलेल्या असतानाच उन्नती तोंड पाडून आली. पाचव्यांदा नापास. रखमाबाई विठ्ठलला म्हणाल्या, "तो जुना कागद काढ. मला माझं घर तरी बघू दे."

मला जमिनीवर पसरलं. रखमाबाईंना अक्षरओळख नाही, पण त्यांचं बोट लाल रेघेवरून बरोबर चालू लागलं. "हे कुंपण. इथं फणस. इथं विहीर, इथं हद्द नाही. मग पुन्हा..."

"आजी, थांबा!" उन्नती दचकली. "हद्द नाही?"

"विहिरीला कुठली गं हद्द?" क्लेमेंटीनबाई हसल्या.

उन्नतीने कपाळावर हात मारला; ती फट तिला नुसती विहिरीची खूण वाटली होती. यंत्राला रेघ सगळीकडून जोडलेली लागते. कुठे सुटली, तर त्याला जागाच दिसत नाही. "आजी," ती चाचरत म्हणाली, "विहिरीच्या मधोमध रेघ मारावी लागेल."

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. क्लेमेंटीनबाईंनी मान हलवली. मग रखमाबाई म्हणाल्या, "मार. कागदावर मार. विहिरीला मात्र सांगू नको."

पुढच्याच खेपेला यंत्राला भूखंड सापडला. आता पाया खणताहेत. रखमाबाईंचे आठ महिने मात्र कुणी परत देणार नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, जुने कागद रद्दीत घालण्याआधी घरातल्या थकल्या बोटाला एकदा त्यांवरून फिरू द्या. आणि मला कधी दुरुस्त करायला घेतलंत, तर कुरतडलेला कोपरा खुशाल सांधा. विहिरीपाशी सोडलेली ती बोटभर जागा तेवढी जोडू नका. तिथून दोन घरं पाणी भरतात.