जे कळेना ते बंद

ठमी शाळेत भूगोल शिकवायची आणि कॉम्प्युटर तिला मार्कांचे तक्ते करण्यापुरता येत होता. तेवढ्या भांडवलावर ती त्याचा गाभाच बदलायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "बाप तशी लेक. डोकी फिरलीत दोघांची." पण चहा मात्र तिला जागेवर आणून दिला.

ठमी दुसरं करणार तरी काय? बाबा टर्नर. उभा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेलेला आणि आता हात थरथरायला लागले. कप अर्धाच भरून द्यावा लागे. घरामागच्या शेडमधला लेथ झाकून ठेवला तसं त्यांचं बोलणंही आटलं. कोणी आलं की ते हात मांडीखाली घालून बसायचे. ठमी रोज सांगायची, "आज कंप बराच कमी आहे हं, बाबा." ते "हो का" म्हणायचे. खरं काय ते दोघांनाही माहीत होतं.

मग तिनेच एका मेकॅनिकला गाठून लेथला मोटारी बसवून घेतल्या. कॉम्प्युटरला एक वायर आणि वायरच्या टोकाला मुठीत मावेल असं चाक. बाबांनी चाक फिरवायचं, कॉम्प्युटरने त्यातली थरथर गाळायची आणि मोटारीने हत्यार सरळ न्यायचं. कल्पना झकास होती. पण पहिल्याच दिवशी मोटार अडखळली आणि बोल्टवरचे आटे उंदराने कुरतडल्यासारखे निघाले.

"लागली बघ माझी सवय यालाही," बाबा म्हणाले.

"तुमचा काही दोष नाही, बाबा. हा कॉम्प्युटर सतरा कामं एकदम करतो, त्यात मोटारीचं मागे पडतं. कर्नल म्हणून त्याचा गाभा असतो, कुठलं काम कधी ते तो ठरवतो. मी रिअल-टाइम कर्नल टाकते. मग मोटारीचं काम ठरल्या क्षणी म्हणजे ठरल्या क्षणीच."

"आणि तरी नाही चाललं तर?"

"चालणारच."

"बरं, एकदा बघू. पण एकदाच हं, ठमे. मग दोष हातातच आहे असं समजायचं आणि मला परत तिथे उभं करायचं नाही."

ठमीने मान हलवली. तिथेच ती फसली.

त्या जुनाट कॉम्प्युटरला चालेल असा तयार कर्नल मिळेना. मूळ प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून स्वतःच बांधायचा होता. बांधण्याआधी एक भलीमोठी यादी येते, गाभ्यात काय काय ठेवायचं त्याची. पहिल्यांदा तिने सगळंच ठेवलं. कॉम्प्युटर दिवसभर घरघरला आणि शेवटी डिस्कवर जागाच उरली नाही म्हणून थांबला. तेव्हा तिने पदर खोचला आणि माळा आवरावा तशी ती यादी आवरायला घेतली. हे कशाला हवंय, काढा. हे काय आहे देव जाणे, काढा. जे कळेना ते बंद. खरं तर तिला कळण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच, पण हे तिला कोण सांगणार?

मग चुकांच्या लाल ओळी आल्या. एक निस्तरली की दुसरी दत्त म्हणून उभी. नाकी नऊ आले, रडूही आलं आणि एका रविवारी कर्नल बांधून झाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर पडदा काळा ठिक्कर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग हळूहळू अक्षरं उमटली. तिने कीबोर्डवरून आज्ञा दिली आणि मोटार लोण्यासारखी सरकली. आटे असे पडले की तिने बोल्टचा मुकाच घेतला.

चाकाला मात्र तिने हात लावला नाही. तो मान बाबांचा.

बाबा दाढी करून, कामाचा जुना शर्ट घालून आले. आईसुद्धा दारात उभी राहिली. बाबांनी चाक मुठीत धरलं आणि फिरवलं. हत्यार हललं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग दोन्ही हातांनी. जितका जोर लावला तितके हात जास्त थरथरले. ठमीने वायर काढली, परत खुपसली. काही नाही.

"थांबा बाबा, माझं काहीतरी चुकलंय."

"तू कीबोर्डवरून कर बघू."

तिने केलं. मोटार लोण्यासारखी सरकली.

"मशीन बरोबर आहे," बाबा म्हणाले. हातांना काही लागलेलं नसताना त्यांनी ते फडक्याला पुसले आणि आईच्या बाजूने वाट काढत घरात गेले.

ठमीने मग ती यादी ओळ न् ओळ वाचून काढली. चाकाचे इशारे जिच्यातून आत यायचे ती ओळ तिनेच बंद केली होती. कळली नव्हती, म्हणून. तिने कर्नल पुन्हा बांधला आणि या वेळी आधी स्वतः चाक फिरवून पाहिलं. मुद्दाम हात थरथरवून फिरवलं. हत्यार सरळ रेषेत गेलं. तेव्हा ती स्टुलावर बसून हुंदके देऊन रडली, कारण आता हे जाऊन सांगायचं होतं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. तिने बोल्ट पुढे केला. त्यांनी मांडीखालचा हात काढून तो घेतला आणि आट्यांवरून अंगठा फिरवला.

"सुरेख पडलेत."

"चाकाने पाडले, बाबा. त्या दिवशी चूक माझी होती. मीच एक गोष्ट बंद करून ठेवली होती. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. शप्पथ."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. किती मायेने पाहिलं!

"हो का," ते म्हणाले.

त्यांनी बोल्ट तिच्या हातात परत दिला आणि हात पुन्हा मांडीखाली घातला.