दोन वर्षांच्या आत पेट्रोल

माझं नाव धोंडीबा, पण गाव मला हवालदार म्हणतं. कोरेगावात कुणालाही गाडी घ्यायची असली की तो आधी माझ्याकडे येतो. फौजेत बावीस वर्षं गाड्यांमध्येच गेली, त्यामुळे कुठली गाडी किती पळते आणि किती पिते हे मला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे. लोक चहा पितात, विचारतात आणि मी सगळ्यांना एकच सांगतो. म्हणजे सांगायचो.

"गाडी दोन वर्सांच्या आत सोडणार असशील तर पेट्रोल. म्होरं वापरणार असशील तर डिझेल."

कुपवाडच्या वर्कशॉपांत जुन्या ॲम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून देतात. त्या गाडीला आमच्याकडे हायब्रीड म्हणतात, ज्वारीला म्हणतात तसं. रस्त्यावर ती पैसे वाचवते. पण इंजिन बसवायचा खर्च भरून निघायला दोन वर्षं लागतात आणि विकायला काढली तर त्या इंजिनाचे पैसे कुणी देत नाही. एवढंच माझं ज्ञान. माझी बायको मुक्ता हे आतून ऐकून ऐकून पाठ करून बसली होती. एकदा मी घरी नसताना शेजारचा नाथाजी आला, तर तिनंच त्याला चहा देऊन विचारलं, "आवं, किती वर्सं वापरणार त्ये आदी सांगा." हवालदारापेक्षा हवालदारीण हुशार हाय, असं नाथाजी आठवडाभर गावात सांगत फिरत होता.

शहाण्णव साली मुक्ताच्या किडन्या गेल्या. साताऱ्यात सोय होईना, म्हणून आठवड्यातून दोनदा सांगलीला मशिनवर न्यायचं ठरलं. एसटीनं तिला झेपत नव्हतं. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. हृदयही थकलंय म्हणाले, वर्ष, फार तर दीड. मी "येस सर" म्हणालो. मग आत जाऊन मुक्ताला सांगितलं, "मशिनवर लोकं धा-धा, पंदरा-पंदरा वर्सं काडत्यात."

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी सगळाच मला माझा वाटेना. जेवत होतो, झोपत होतो, विचारलं की उत्तर देत होतो.

त्याच आठवड्यात मी कुपवाडला तात्याबाकडे गेलो. जुन्या गाड्या घेणं-विकणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे एक पांढरी, पेट्रोलची ॲम्बॅसिडर उभी होती.

"अशीच नेताय का इंजिन बदलून देऊ?" तात्याबानं विचारलं. "आठवड्याला पाचशे किलोमीटर म्हंजे लय झालं. पर किती वर्सं वापरणार, हवालदार? तुमचाच नियम हाय."

मी हिशोब केला. बाकी डोकं बंद होतं, तेवढं चालू होतं. दीड वर्ष म्हणजे दोनाच्या आत. वाचलेले पैसे मुक्ताच्या इंजेक्शनांना लागतील.

"अशीच दे," मी म्हणालो.

सही केली, चावी घेतली, गाडी घरी आणली. या गाडीतून मुक्ताला काय कळणार आहे, हे रस्ताभर एकदाही माझ्या मनात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

घरी मुक्तानं सीटांसाठी पांढऱ्या दोऱ्याची क्रोशाची कव्हरं विणायला घेतली होती. मी आलो तेव्हा ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला निघताना दोऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. मी चावी फिरवली. हायब्रीड चालू झाली की आख्खी आळी जागी होते. काचा, आरसा, आपले दात, सगळं थरथरतं. ही गाडी मांजरासारखी घुरघुरली. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं.

"इंजिन बदललं न्हाई व्हय?"

"न्हाई."

रहिमतपूर येईपर्यंत तिची सुई चालू होती. मग विणता विणताच तिनं विचारलं, "किती सांगितलंय डॉक्टरनं?"

"कशाचं?"

"आवं, दोन वर्सांच्या आतलं हाय एवढं मला कळलं. म्होरलं सांगा."

खोटं बोलता आलं असतं. तात्याबाकडे इंजिन शिल्लक नव्हतं, पुढच्या महिन्यात बसवू, अशी कितीतरी कारणं होती. ती मला सगळी कराड ओलांडल्यावर सुचली.

"दीड," मी म्हणालो. "फार तर."

तिनं हातातलं कव्हर वितीनं मोजलं. मागे वळून मागची लांब सीट बघितली.

"मंग म्होरल्या दोन सीटांचीच करते," ती म्हणाली. "मागल्याचं हुयाचं न्हाई. लय मोठी हाय."

गाडी थांबवावी, तिचा हात धरावा, असं मला वाटायला हवं होतं. मला समोरचा काटा दिसत होता. तो साठवर होता.

पुढच्या सीटांची कव्हरं सहा महिन्यांत झाली. त्यानंतर ती जाता-येता हात मांडीवर ठेवून बसायची. एकदा मी म्हणालो, "आता मागल्याचं घे की."

"ऱ्हाऊ द्या. अर्दं ऱ्हायलं तर वाईट दिसतं."

पंपावर पेट्रोल भरताना ती हसून म्हणायची, "बरोबर हाय न्हवं तुमचा हिशोब?" ती मला चिडवत होती. मला एकदाही हसता आलं नाही, याची लाज अजून वाटते.

सोळाव्या महिन्यात मुक्ता गेली. म्हणजे कव्हरं झाल्यावर दहा महिने तिचे हात रिकामे होते. मागच्या सीटचं कव्हर होऊन वर उशीही झाली असती. माझा हिशोब मात्र बरोबर आला. इंजिन बदललं असतं तर तोट्यात गेलो असतो.

परवा नाथाजी आला. त्याचा पोरगा साईराज दीड वर्षानं फौजेतून सुटून येणार आणि नवी गाडी घेणार. तोवर बायकोला, मनुबाईला, गुडघ्यासाठी साताऱ्याला न्यायला-आणायला जुनी एखादी हवी होती.

"दीड वर्साचाच प्रश्न हाय," नाथाजी म्हणाला. "म्हंजे पेट्रोलच न्हवं?"

"डिझेल घे."

"आवं हवालदार, तुमीच तर सांगता..."

"मनुवैनी शेजारी बसणार न्हवं?"

"व्हय. मंग?"

"मंग डिझेलच घे गड्या. तोटा झाला तर माझ्याकडनं घेऊन जा. आन् पयल्यांदा चालू करशील तवा त्यास्नी आत बसीव. आवाज ऐकू दे."