सासऱ्यांची खुर्ची

सुरक्षा परिषदेत पाच देश कायमचे, बाकीचे दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात, हे मी शाळेत शिकवते. हा नियम बदलायलाही त्या पाचांचाच होकार लागतो, हे सांगताना दर वर्षी माझं डोकं फिरतं.

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीच्या कमिटीतही तेच. पाच जुन्या घरांना कायमच्या खुर्च्या, निवडून आलेले सतरंजीवर. खुर्चीवरचा एक जरी अडून बसला तरी ठराव पडतो. यावरून सासऱ्यांशी मी बारा वर्षं भांडले.

ते गेले आणि खुर्ची माझ्याकडे आली. रविवारी खुर्च्याच काढून टाकायचा ठराव आला. खुर्च्यांवरच्या बाकी चौघांनी हात वर केले. सतरंजीवरून शेजारची मेघना माझ्याकडे बघत होती. ठराव आम्ही दोघींनीच लिहिला होता.

माझा हात मांडीवरून उठेना.