वाळीतल्या अंगणात संकासुर

शिमग्यात संकासुराला कुणी अडवायचं नाही, हा म्हसळ्याकडच्या त्या गावचा रिवाज. काळा झगा, कमरेला घुंगरं, तोंडावर लांब लाल जिभेचा काळा मुखवटा. तो कुणाच्याही अंगणात शिरतो, पाटलाच्या मिशीलाही सोडत नाही. आणि घरचं माणूस हसल्याशिवाय अंगणातून हलत नाही.

बावीस वर्षं हे सोंग कोंडाजीचं होतं. त्याची धाकटी बहीण आवडाबाई गावातच दिलेली. नवरा गेल्यावर तिने देवळालगतचा वाफा गावकीला द्यायला नकार दिला, म्हणून तिला वाळीत टाकलं. तिच्याशी जो बोलेल, तिच्या घरचं पाणी पिईल, तोही वाळीत. कोंडाजीच्या घरी सुना-नातवंडं. दोन वर्षं त्याने तिच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं.

छप्पन सालच्या शिमग्यात पालखी तिचं दार टाळून पुढे निघाली आणि संकासुर मागे वळला. संकासुर शिरला तर गाव काय करणार? बहिणीला एकदा हसवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आवडाबाई भात कांडत होती. त्याने तिच्या कोंबडीला मुजरा केला. सुपात बसून होडी वल्हवली आणि धाडकन उलटला. रस्त्यावरची माणसं पोट धरून हसली. आवडाबाईचं मुसळ थांबलं नाही.

"बाय, हस की! न्हायतर हितंच मुक्काम करतो."

"कर. कोण तू?"

"संकासुर!"

"संकासुराशी माझं भांडण न्हाय. माझा भाऊस जिता हाय का मेला, तेवढं सांग."

गावकीचा म्होरक्या अंबाजी ओरडला, "कोंडाजी, चल! पालखी खोळंबलीय."

कोंडाजीने मुखवट्याची गाठ सोडली, तो बाजूला ठेवला आणि ओटीवर बसला.

"आवडे, पाणी दे."

"अरे, घरची पोरं आठव!" अंबाजी म्हणाला.

"दोन वर्षं तीच आठवत व्हतो."

आवडाबाईने तांब्या आणला, पण हात पुढे करेना. "पिऊ नको, दादा. तोंड बघितलं तुझं, बास झालं."

कोंडाजीने तांब्या ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत घटाघटा रिकामा केला.

त्या वर्षी पालखी संकासुराशिवाय फिरली. संध्याकाळी गावकी बसली, कोंडाजी गेला नाही. निकाल त्याला ठाऊक होता. तो ओटीवर तांदूळ पाखडत बसला होता, आणि आत भाकऱ्या थापता थापता आवडाबाई दोन वर्षांचं एकदम बोलत होती.