आडी महिन्यातली तारीख

मी फोटोखालची ओळ बोलतेय. फोटो सगळे बघतात, मला कुणी वाचत नाही. ज्या एकाने वाचलं, तो फसला.

कॅमेऱ्याचं नाव, शटरचा वेग, फ्लॅश, तारीख, वेळ. कॅमेरा सांगतो तेवढंच मी मांडते. फोटो इंटरनेटवर चढला की मीही त्याच्या पायाशी जाऊन बसते.

माझा कॅमेरा २००५ साली चेन्नईत मैलापूरच्या कृष्णाजींनी घेतला. तमिळ लोकांचा आडी महिना होता, आपल्या आषाढासारखा. दुकानांत सूट होती, म्हणून घेतला. पण आडीत नवीन काही सुरू करत नाहीत. त्यांची बायको सरोजा खोकं उघडू देईना. मुलगा कौशिक दुसऱ्या दिवशी अमेरिकेला परत निघणार होता.

"आई, मग तुझा फोटो कधी काढू?"

"कॅमेऱ्याला सांग, आडी लागलीच नाही. मागची तारीख घाल."

"देवाला कळेल ना!"

"देव तुझा कॅमेरा बघत बसलाय होय? घाल."

कौशिकने हसत तारीख महिनाभर मागे नेली. पुढे ती कुणी सरळ केली नाही. मी जन्मापासून खोटी.

सप्टेंबरात सरोजा तापाने इस्पितळात होती. बरी होऊन घरी आली. ऑक्टोबरात पुन्हा पडली. ह्या वेळी डॉक्टर भरवसा देईनात. कृष्णाजींनी तिचा फोटो काढला, ब्राउझिंग सेंटरात जाऊन इंटरनेटवर चढवला आणि मुलाला फोन लावला.

"फोटो बघ. आजचा आहे. ये."

कौशिकने फोटो पाहिला. मग मला वाचलं.

"अप्पा, हा सप्टेंबरातला आहे. खाली लिहिलंय. दिवाळीला बोलवायला जुना फोटो दाखवताय? आईला फोन द्या."

"ती बोलण्यासारखी नाही."

"अप्पा, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"म्हणजे मी बोलतो."

कृष्णाजींनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. ताठ माणूस. मुलगाही रुसून बसला. मला ओरडून सांगायचं होतं. ओळीला आवाज नसतो.

कौशिक आला तेव्हा घरात तेराव्याची भांडी घासत होते. त्याने कॅमेरा उचलला. पडद्यावरची, अजून महिनाभर मागेच असलेली तारीख पाहिली आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

कृष्णाजी म्हणाले, "आडी संपली रे. आता बदल."

त्याने तारीख सरळ केली. पण मी आधीच लिहिली गेले होते. सरोजाच्या शेवटच्या फोटोखाली मी आजही सप्टेंबर सांगते आहे. मला पुसून आता काही परत यायचं नाही.

तुमचा बाप "आजचा" म्हणाला, तर मला वाचू नका. निघा.